मांजराच्या पिल्लाची किंमत

मराठी घरांत मांजर विकत आणण्याची रीत सहसा नव्हती. शेजारी मांजर व्याली, पिल्लांचे डोळे उघडले, ती आपली आपण दूध पिऊ लागली की त्यांतले एक उचलून आणावे, एवढाच व्यवहार. घोड्याला मोल होते, बैलाला होते, दुभत्या गाईम्हशींना होते. या जनावरांच्या दातांवरून, खुरांवरून, अंगावरच्या भोवऱ्यांवरून बाजारात घासाघीस चाले. मांजराच्या बाबतीत पैशाची भाषा निघतच नसे. आज मात्र मोठ्या शहरांत पर्शियन वा सयामी पिल्लासाठी हजारो रुपये मोजले जातात. आणि त्याच शहराच्या बोळात जन्मलेले, तितकेच देखणे पिल्लू फुकट न्यावयासही कोणी पुढे येत नाही. उंदीर दोन्ही पकडतात. किंबहुना बोळातले अधिक तत्परतेने पकडते. मग पहिल्याची किंमत नेमकी कशाची? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास सुमारे चारशे वर्षांचा आहे.

या इतिहासाच्या आरंभी एक प्रवासी भेटतो. रोमचा उमराव पिएत्रो देल्ला वाल्ले हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इराणात होता. १६२० साली तेथून लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासान प्रांतातील मांजरांचे वर्णन केले आहे. करड्या रंगाची, रेशमासारख्या लांब व मऊ केसांची ही मांजरे पाहून तो इतका मोहित झाला की, त्यांच्या काही जोड्या स्वदेशी नेण्याचा बेत त्याने केला. हाच प्रवासी पुढे १६२३ साली सुरतेस उतरून गोव्यास आला, आणि गोव्याचे व इक्केरीच्या नायकांच्या राज्याचे त्याने केलेले वर्णन आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. त्याच सुमारास फ्रान्सच्या दक्षिण भागात पेरेस्क नावाचा एक विद्वान संग्राहक तुर्कस्तानातील अंकाराची लांब केसांची मांजरे पाळून त्यांची पिल्ले स्नेह्यांना भेट देत असे. जुनी नाणी, दुर्मिळ हस्तलिखिते आणि मांजराचे पिल्लू यांची गणना त्या काळी एकाच यादीत होई. अशा पिल्लाला जे मोल होते ते अंतराचे होते. जे दुरून, कष्टाने आणि सागराचे भय सोसून येई, ते मौल्यवान ठरे. त्याचे आईबाप कोण, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

दुसरा साक्षीदार मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८११ पासून पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पुण्यास येण्यापूर्वी, १८०८-०९ मध्ये, कंपनी सरकारने त्यास अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकिलीवर पाठविले होते. त्या अनुभवावर आधारलेला त्याचा काबूलच्या राज्याविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ १८१५ साली, म्हणजे तो पुण्यास असतानाच, प्रकाशित झाला. त्या ग्रंथात घोडे, उंट, कुत्री यांच्याबरोबर मांजरांचीही नोंद आहे. ‘बुराक’ नावाची लांब केसांची मांजरे त्या मुलखातून मोठ्या संख्येने बाहेर पाठविली जातात आणि सर्वत्र ती ‘पर्शियन’ म्हणून ओळखली जातात, असे तो सांगतो. परंतु ज्या देशाचे नाव त्यांना मिळाले त्या देशात ती फारशी नाहीत आणि तेथून ती क्वचितच बाहेर जातात, असेही तो स्पष्ट लिहितो.

एल्फिन्स्टनची ही नोंद चार ओळींची आहे, पण तिच्यात बाजाराचे एक मर्म सापडते. व्यापारी काबूलकडून मांजर आणी आणि ते इराणच्या नावाने विके, कारण इराणच्या नावाला वजन होते. पैठणीला पैठणचे आणि शालीला काश्मीरचे नाव लागले की गिऱ्हाईकाचा हात थैलीकडे जातो, तशातलाच हा प्रकार. पुढे युरोपात अंकाराची आणि इराणची म्हणून आलेली मांजरे एकमेकांत मिसळली. १९०३ साली मांजरांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सेस सिम्पसन या बाईंनी तर या दोहोंतील भेद इतका सूक्ष्म मानला की, तो बाजूस ठेवणेच त्यांना इष्ट वाटले. आणि २००८ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांतील मांजरांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा आजच्या पर्शियन मांजराचे रक्तसंबंध पश्चिम आशियातील मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांशी अधिक जवळचे आढळले. नाव एका देशाचे, घडण दुसऱ्या देशाची, असा हा प्रकार आहे. तेव्हा नुसत्या नावासाठी पैसे मोजणाऱ्याने हा इतिहास एकदा वाचलेला बरा.

तथापि व्यापाऱ्याच्या तोंडच्या नावाला नियमांची जोड मिळाली ती इंग्लंडात. १३ जुलै १८७१ रोजी लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे एक मोठे प्रदर्शन भरले. हॅरिसन वीअर हा पशुपक्ष्यांची चित्रे काढणारा कलावंत त्याचा प्रवर्तक होता. दीडशेहून अधिक मांजरे पिंजऱ्यांत मांडली होती. त्यांत लांब केसांची परदेशी मांजरे होती, सयामी मांजरे होती, आणि स्कॉटलंडच्या रानातले एक रानमांजरही होते. पण वीअरचा मूळ हेतू दुर्मिळ प्राण्यांचा बाजार मांडण्याचा नव्हता. चुलीपाशी पडून राहणाऱ्या, लाथा खाणाऱ्या सामान्य मांजराकडे लोकांनी कौतुकाने पाहावे, तिचे सौंदर्य ओळखावे आणि तिला दयेने वागवावे, ही त्याची इच्छा होती. त्या वेळी बक्षिसासाठी वंशावळीची अट नव्हती. रंग, बांधा, केस आणि प्रकृती पाहून परीक्षक निर्णय देत.

येथे एक पाऊल असे पडले की ज्याचा परिणाम पुढे फार दूरवर झाला. परीक्षकांना निर्णय द्यावयाचा तर काही माप हवे. म्हणून वीअरने प्रत्येक प्रकारच्या मांजरासाठी गुणांचा तक्ता केला. डोक्याला इतके गुण, डोळ्यांना इतके, केसांना इतके, शेपटीला इतके. शाळेतल्या मुलाप्रमाणे मांजराची परीक्षा होऊ लागली. जेथे माप येते तेथे भावही येतो. अशा प्रदर्शनांच्या छापील सूचीत मांजरापुढे तिची किंमत छापण्याचीही चाल होती, आणि ज्याला आपली मांजर विकावयाची नसे तो तेथे अवाच्या सवा आकडा घाली. बक्षीस मिळविणाऱ्या मांजरीची पिल्ले शेजाऱ्यांना वाटून टाकण्याचे दिवस संपले. त्या पिल्लांत आईचे गुण उतरतील, या आशेला मोल आले.

पण आशा ही फसवी वस्तू आहे. पांढऱ्याशुभ्र मांजरीला पांढरी पिल्ले होतीलच असा भरवसा नसतो. आई दिसते, बाप कोण हे रात्रीच्या अंधाराला ठाऊक. हा भरवसा देण्यासाठी वंशाची नोंद हवी, हे पैदास करणाऱ्यांच्या ध्यानी आले. १८८७ साली इंग्लंडात नॅशनल कॅट क्लबची स्थापना झाली, वीअर तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि मांजरांचे नोंदपुस्तक सुरू झाले. घोड्यांच्या व कुत्र्यांच्या बाबतीत अशी पुस्तके आधीपासून होती. आता मांजरालाही आजा-पणजा मिळाला. पिल्लाबरोबर कागद येऊ लागला, आणि त्या कागदावर आईबापांची, त्यांच्या आईबापांची, अशी तीन, चार, पाच पिढ्यांची नावे असत. या कागदाने पिल्लाच्या अंगावर एकही केस वाढला नाही. मात्र ते मोठे झाल्यावर कसे दिसेल आणि त्याची संतती कशी निपजेल, याविषयी खरेदी करणाऱ्यास पुष्कळशी खात्री मिळाली. तेव्हापासून पिल्लाच्या किमतीचा मोठा हिस्सा या खात्रीचा झाला.

ज्या कागदाला पैसा चिकटतो त्यावरून भांडणेही होतात. १८९८ मध्ये इंग्लंडात दुसरा एक क्लब निघाला आणि त्याने स्वतःची वेगळी नोंद सुरू केली. एका ठिकाणी नोंदविलेल्या मांजराला दुसऱ्याच्या प्रदर्शनात मज्जाव, इथपर्यंत चुरस गेली. अखेर १९१० साली निरनिराळ्या क्लबांनी एकत्र येऊन एक मध्यवर्ती मंडळ स्थापिले आणि नोंदणीचा अधिकार त्याच्या हाती दिला. अमेरिकेत १८९५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठे प्रदर्शन झाले होते; तेथेही १९०६ मध्ये नोंदणी करणारी मोठी संस्था उभी राहिली. वीअर मात्र तोवर या व्यापापासून दूर झाला होता. सभासदांना मांजरांच्या हितापेक्षा बक्षिसांचीच हाव अधिक, अशी तक्रार करून त्याने थोड्याच वर्षांत क्लबचे अध्यक्षपद सोडले. ज्याने रोप लावले त्यालाच त्याची फळे कडू लागली.

कागदाखेरीज किमतीचे दुसरे अंग म्हणजे जोखीम, आणि ते सयामी मांजरांच्या कथेत स्पष्ट दिसते. १८८४ साली बँकॉक येथील ब्रिटिश वकिलातीतील गोल्ड नावाच्या अधिकाऱ्याने सयामी मांजरांची एक जोडी इंग्लंडात आपल्या बहिणीकडे पाठविली. तिची पिल्ले दुसऱ्या वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात झळकली आणि नंतर लवकरच मरण पावली. थंड हवा आणि मांजरांतील सांसर्गिक रोग यांपुढे ही नाजूक परदेशी पिल्ले टिकत नसत. त्या काळी ना लस होती, ना आजची औषधे. म्हणून जे पिल्लू जगे त्याच्या किमतीत न जगलेल्या भावंडांचाही खर्च धरावा लागे. गलबत बुडण्याची भीती असलेल्या व्यापाऱ्याने पोचलेल्या मालावर बुडालेल्या मालाचा बोजा टाकावा, त्यातलाच हा न्याय. पुढे लसी आल्या आणि ही जोखीम पुष्कळ कमी झाली. तिच्या जागी लसीचा व वैद्याचा खर्च आला.

नोंदीची सत्ता किती मोठी असते, हे ब्रह्मी मांजरांच्या उदाहरणावरून कळते. १९३० साली डॉक्टर जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे ब्रह्मदेशातून वाँग माव नावाची एक तपकिरी मांजरी सॅन फ्रान्सिस्कोस आली. तिच्यासारखा दुसरा प्राणी तेथे नव्हता, म्हणून तिचा संबंध सयामी बोक्याशी लावण्यात आला. पिल्लांतील गडद तपकिरी पिल्ले निवडून त्यांच्यापासून एक नवी जात सिद्ध झाली आणि १९३६ साली अमेरिकेतील संस्थेने तिला मान्यता दिली. मागणी वाढली तसे लोक तिच्यात सयामी रक्त वारंवार मिसळू लागले. तेव्हा १९४७ मध्ये संस्थेने मान्यता स्थगित केली, आणि शुद्ध पैदाशीची खात्री पटल्यावर १९५० च्या दशकात ती पुन्हा दिली. मधल्या वर्षांत मांजरे तीच होती, त्यांचा रंग तोच होता, त्यांच्या डोळ्यांतली सोनेरी झाकही तीच होती. बदलली होती ती फक्त नोंदपुस्तकातील एक ओळ.

आता आजच्या पिल्लाचा हिशेब मांडून पाहावा. चांगल्या वंशाची मांजरी पाळावयाची, तिच्या आरोग्याच्या तपासण्या करावयाच्या, योग्य बोक्याच्या मालकास त्याची फी द्यावयाची, गाभणपणाचे सुमारे नऊ आठवडे तिची निगा राखावयाची. एका वेळी पिल्ले होतात ती साधारणतः तीन ते पाच. चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लाचे डोके मोठे असल्याने कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. ब्रिटनमधील मध्यवर्ती मंडळाचा नियम असा की, पिल्लू १३ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून वेगळे करून देऊ नये. तेवढ्या काळात त्याचा आहार, लसीकरण, जंतांचे औषध, नोंदणी आणि माणसाळवणे हे सर्व होते. हा खर्च प्रामाणिकपणे करणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. आणि जो फारच स्वस्त देतो त्याने यांतले काय गाळले असेल, हा विचार खरेदी करणाऱ्याने करावयाचा असतो.

इतके असूनही एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली दोन पिल्ले निरनिराळ्या किमतीला जातात. याचे नवख्या माणसास नवल वाटते. एकाच्या अंगावरील ठिपका नियमाबाहेर असतो किंवा कानांतील अंतर जरा अधिक असते. ते घरी पाळण्यासाठी कमी किमतीत दिले जाते, आणि त्याची संतती वाढवू नये, त्याला योग्य वयात खच्ची करून घ्यावे, अशी अट त्याबरोबर असते. दुसरे पिल्लू प्रदर्शनास योग्य असते आणि त्याच्यापासून पैदास करण्याची मुभा दिली जाते. या मुभेची किंमत पिल्लाच्या किमतीवर चढते. म्हणजे खरेदी करणारा एका पिल्लाबरोबर त्याच्या अजन्म्या संततीचेही मोल देत असतो. शेत विकत घेणाराही केवळ उभ्या पिकाचे पैसे देत नाही, पुढच्या हंगामांचे देतो.

परंतु या व्यवहाराची एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे पाहिल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही. नोंदपुस्तक शुद्धता राखते, म्हणजेच बाहेरचे रक्त अडविते. बक्षीस मिळविलेल्या एकाच बोक्याला सर्वत्र मागणी येते आणि थोड्या पिढ्यांत सगळी पिल्ले एकमेकांची आप्त होऊन बसतात. गुणांबरोबर दोषही उतरतात. पर्शियन मांजरांच्या मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होऊन ती हळूहळू निकामी होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी तो प्रकट होतो. २००४ साली त्याचे मूळ असलेला जनुकीय दोष शास्त्रज्ञांनी शोधून काढला; जगातील पर्शियन मांजरांपैकी सुमारे ३८ टक्के मांजरे या रोगाने ग्रस्त असल्याचा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. पाच पिढ्यांच्या नावांनी भरलेल्या त्या देखण्या कागदांवर या रोगाचा उल्लेख कोठेही नव्हता. तोंड अधिकाधिक चपटे करण्याच्या हौसेने त्या बिचाऱ्या प्राण्याच्या श्वासाला आणि डोळ्यांच्या पाण्याला वाट उरेनाशी झाली, हे दुःख आणखी निराळे.

याहून बोलके उदाहरण स्कॉटलंडचे आहे. १९६१ साली पर्थशायर परगण्यातील कूपर अँगस या गावाजवळच्या एका शेतावर विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळास सूझी नावाची पांढरी मांजरी दिसली. तिचे कान पुढे दुमडलेले होते आणि त्यामुळे चेहऱ्याला घुबडासारखा गोडवा आला होता. तिच्या संततीपासून दुमडलेल्या कानांची जात तयार झाली. हे कान दुमडतात ते कूर्चेतील दोषामुळे, आणि ती कूर्चा केवळ कानांत नसते; ती सांध्यांतही असते. अनेक मांजरांच्या पायांचे व शेपटीचे सांधे ताठ होतात आणि चालणेही वेदनामय होते. हे लक्षात येताच ब्रिटनच्या मध्यवर्ती मंडळाने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या जातीची नोंदणी बंद केली. अमेरिकेत मात्र ती मान्य झाली आणि जगभर लोक तिच्यासाठी मोठ्या रकमा मोजू लागले. या दोषाचे जनुकीय कारणही २०१६ साली निश्चित झाले. ज्याला बाजाराने दुर्मिळ सौंदर्य मानले, त्याला वैद्याने रोग म्हटले. दोघेही एकाच कानाविषयी बोलत होते.

या सर्व कथेचे तात्पर्य काय? पिल्लाची किंमत प्रथम अंतराने ठरली, मग नावाने, मग बक्षिसाने आणि मग वंशाच्या कागदाने. प्रत्येक वेळी माणूस खात्रीसाठीच पैसे देत होता. परंतु ती खात्री कशाची, हे त्याने क्वचितच विचारले. काबूलच्या व्यापाऱ्याकडून तो इराणची खात्री घेत होता, प्रदर्शनाकडून रूपाची आणि नोंदपुस्तकाकडून रक्ताची. प्राणी निरोगी राहील काय, ही खात्री मागण्याचे साधन फार उशिरा, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, त्याच्या हाती आले. आता आईबापांच्या रक्ताची तपासणी करून अनेक दोष आधीच कळू शकतात आणि प्रामाणिक पैदास करणारे लोक वंशावळीबरोबर त्या तपासणीचा कागदही दाखवितात. ज्यांनी तपासणी करून रोगी मांजरे पैदाशीतून बाजूस काढली, त्यांच्या घराण्यांत मूत्रपिंडाच्या त्या रोगाला आळा बसला. किमतीत जर एखादा हिस्सा निःशंकपणे द्यावा असा असेल, तर तो हा.

हॅरिसन वीअर १९०६ साली वारला. सामान्य मांजराला मान मिळावा म्हणून त्याने प्रदर्शन भरविले, आणि त्यातून जी व्यवस्था निघाली तिने सामान्य मांजराला मोलहीन ठरविले, हा इतिहासाचा खेळ आहे. तरी ज्या घरात पाच पिढ्यांचा कागद असलेले पिल्लू आहे आणि ज्या घरात बोळातून आलेले पिल्लू आहे, त्या दोन्ही घरांना पहिल्या दिवसापासून एकच खर्च सुरू होतो. बारा-पंधरा वर्षे त्याला खाऊ घालणे, आजारात वैद्याकडे नेणे आणि म्हातारपणी त्याची उपेक्षा न करणे, हा तो खर्च होय. विकत घेताना मोजलेली रक्कम एकदाच द्यावी लागते. ही दुसरी रक्कम रोज द्यावी लागते, आणि ती देण्याची ज्याची तयारी नाही त्याला कोणत्याही किमतीचे पिल्लू महागच पडते.